थारला पुढे सॉलिड एक्सल: फायनल वेल्ड सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला राहतो, २०१४ ची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेलवाली) आहे, पुढचं आयएफएस (प्रत्येक चाकाचं वेगळं सस्पेन्शन) काढून सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच आडव्या नळीवर) टाकायचाय, बिल्डिंगच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये शनिवार-रविवार काम करणार, वेल्डिंग थोडंफार येतं, एक मित्र मदतीला आहे, मुरबाडला शेत आणि शेड आहे तिकडे आणि ऑफरोडला गाडी वापरायची. कुठला एक्सल घेऊ, किती दिवस लागतील, आणि "काका, कुठे फसायला होतं तेवढं सांगा".

एक्सल बसतो रे. दोन माणसं, एक ट्रॉली जॅक, दोन रविवार, बसला. लोक फसतात ते बसल्या बसल्या आनंदाच्या भरात फायनल वेल्ड मारून टाकतात म्हणून, आणि मग कळतं की स्टिअरिंगचा रॉड चेंबरला (ऑइल सम्पला) घासतोय, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ आणणारा कोन) गेलाय, जॉइंट (गियरकडून एक्सलला फिरवणारा दांडा, प्रॉपेलर शाफ्ट) फुल ड्रूपला, म्हणजे चाक पूर्ण खाली लटकल्यावर, बाहेर निघतोय, आणि आता ग्राइंडर घेऊन आपलंच काम आपणच कापत बसायचं. माझा भांडुपला गाळा आहे, वीसेक वर्षं जीपा आणि थारच करतोय, हे काम सहा गाड्यांना केलंय, त्यातल्या दोन परत कराव्या लागल्या आणि त्यातली एक माझी स्वतःची. तेव्हा खाली जे लिहितोय ते शहाणपण म्हणून घेऊ नको, भरलेली फी म्हणून घे.

आधी कडू औषध. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. पुढचं अख्खं सस्पेन्शन आणि स्टिअरिंग बदलणं यात बसतंच, यात "आमच्या ओळखीचा आरटीओत आहे" वगैरे चालत नाही, आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला खाली वाकून बघणार. म्हणून माझ्याकडे कोणी आलं की पहिला प्रश्न हाच असतो, गाडी ट्रेलरवर टाकून नेणार का? शेतात आणि बंद जागेतल्या इव्हेंटला वापरणार असशील तर पुढे वाच. रोज ऑफिसला पण हीच गाडी नेणार असशील तर इथेच थांब, ही विक आणि जिमनी घे, २०२३ पासून मिळते, दोन्ही बाजूंना कॉइलवर सॉलिड एक्सल कंपनीतूनच येतात. नाहीतर चांगली जिप्सी शोध, ती तर दोन्हीकडे पाट्यांवर सॉलिडच आहे. यात कमीपणा काही नाही.

हे सगळं करायचंच कशाला हेही एकदा स्वतःला विचारून घे. सॉलिड एक्सलला एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली ढकललं जातं, म्हणून चारही चाकं जमिनीला धरून राहतात. आयएफएसला प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर, ट्रॅव्हल कमी, आणि मोठे टायर टाकून फुल लॉकमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दिला की सीव्ही जॉइंट रडतो. त्या बदल्यात सॉलिडमध्ये स्पीडला स्टिअरिंग ढिलं वाटतं, एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकाला कळतो, आणि पुढे हालणारं वजन वाढतं. दगड, घळी, नाले हेच करायचं असेल तर फायदा आहे. नुसतं चिखलात फिरायचं असेल तर चांगले टायर आणि मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) यानेच ऐंशी टक्के काम होतं, आणि वेल्डिंग करावं लागत नाही.

आता जागा. मुलुंडच्या पार्किंगमध्ये करू नकोस. सेक्रेटरी ओरडेल ते सोड, खरी भानगड वेगळी आहे, ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेवर आणि रंगावर वितळून चिकटतात, धुवून जात नाहीत, आणि एका काचेच्या भरपाईत तुझं ब्रेकचं बजेट संपेल. पार्किंगच्या सॉकेटवर वेल्डिंग मशीन चालत नाही, एमसीबी उडत राहतो. आणि पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकवर घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) लावल्या की एक ब्लॉक हळूच दबतो, रात्रीतून घोडी तिरकी होते आणि सकाळी गाडी कुठल्या बाजूला झुकली असेल सांगता येत नाही. मुरबाडला शेड आहे म्हणतोस ना, तिकडे कर. खाली कोबा असेल तर उत्तम, नसेल तर प्रत्येक घोडीखाली फूटभर चौकोनी जाड प्लेट टाक. चार घोड्या, तीन टनाच्या, चेसीखाली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात पण घालायचा नाही, हे मला लिहायला लागू नये पण दर वर्षी लिहायला लागतं. फायर एक्स्टिंग्विशर, ओलं गोणपाट आणि भरलेली बादली हाताशी. क्लोरीनवाला ब्रेक क्लिनर मारून त्यावर लगेच वेल्डिंग करायचं नाही, त्याचा विषारी गॅस होतो, पूर्ण पुसून वाळू दे आणि शक्यतो वापरूच नको.

एक्सल कुठला. तुझ्यासाठी सरळ उत्तर थार डीआय (साध्या डिझेलवाली) फोर बाय फोरचा किंवा महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचा फ्रंट. दोन्ही पाट्यांवरचे सॉलिड, सील-बेअरिंग-क्रॉस मिळतात. जिप्सीचा स्वस्त मिळेल, मोह होईल, पण जिप्सीचं १.३ पेट्रोल जेमतेम १०३ न्यूटन मीटर देतं आणि तुझं डिझेल २४७, त्यात लो रेंज, म्हणजे हिशोब तूच कर. जोंगाचा (जुनी मिलिटरी जीप) फ्रंट दणकट, पण वजनाला भारी आणि आता पार्ट शोधायला जबलपूरपर्यंत फोन करायची वेळ येते. जुनं भंगार कुर्ला सीएसटी रोडला बघ, पण सकाळी जा आणि घाई दाखवू नको. घेताना तीन गोष्टी तिथेच तपास. पहिली, डिफचा (डिफरन्शियलचा) गोळा कुठल्या बाजूला आहे. तुझ्या ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) पुढचा जॉइंट ज्या बाजूने बाहेर येतो, गोळा त्याच बाजूला पाहिजे, म्हणून आधी गाडीखाली जाऊन फोटो काढ आणि तो फोटो घेऊनच कुर्ल्याला जा. दुसरी, हबपासून हबपर्यंत रुंदी. डीआयची गाडी सीआरडीईपेक्षा अरुंद आहे, त्यामुळे पुढचा ट्रॅक मागच्यापेक्षा कमी येऊ शकतो, तो फरक वेगळ्या ऑफसेटच्या रिमने भरून काढ, स्वस्तातले स्पेसर नको. तिसरी, रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला जॉइंट किती फेरे फिरतो.

रेशोवर जरा थांबतो, कारण माझ्या दोन परत केलेल्या गाड्यांपैकी एक यातच गेली. गाडी कस्टमरची होती, एक्सल ज्याच्याकडून घेतला त्याने शपथेवर सांगितलं की शेठ सेम रेशो आहे, डोळे झाकून लावा. आम्ही खरंच डोळे झाकले. गाडी तयार झाली, टू व्हीलमध्ये मस्त, शेतात फोर बाय फोर टाकलं तर मागून कोणीतरी दोरी बांधून धरल्यासारखी. सिमेंटच्या पट्टीवर आलो तर लिव्हर बाहेरच येईना, रिव्हर्समध्ये दोन मीटर घेतली तेव्हा ताण सुटला आणि लिव्हर खट्‌कन सुटला. रात्री कव्हर उघडून दात मोजले. मागे पिनियनला (लहान गियर) ११ आणि क्राऊनला (मोठा गियर) ४१, म्हणजे ३.७३. पुढे पिनियनला १० आणि क्राऊनला ४१, म्हणजे ४.१०. पिनियनला फक्त एका दाताचा फरक, पण दहा टक्के. पुढची आणि मागची चाकं ट्रान्सफर केसमधून एकत्र बांधलेली असताना हा दहा टक्के कुठेतरी घासून निघणार, टायर घसरले नाहीत तर चेन किंवा गियर तुटणार.

हे दुकानातच कळतं, कव्हर न उघडता. एक्सल दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेव, लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडायचे-सोडायचे) लॉक कर, पिनियनच्या फ्लँजवर खडूने रेघ मार, दोन्ही हबवर पण रेघ. एका बाजूला तू, एका बाजूला मित्र, दोघांनी हब एकाच दिशेने, एकदम, दहा पूर्ण फेरे फिरवायचे आणि तिसऱ्याने फ्लँज मोजायची. एक फेरा मारून मोजलंस तर पावणेचार की चार यात वाद होईल, दहा फेऱ्यांत वाद उरत नाही, ३.७३ असेल तर सदतीस आणि वर थोडंसं, ४.१० असेल तर एक्केचाळीस. हीच मोजणी आधी घरी आपल्या मागच्या एक्सलला करून आकडा लिहून ने. दुकानदार हसेल. हसू दे.

जुनं काढणं हे काम सोपं आणि घाण आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे) आधी पूर्ण ढिले करायचे, त्यात ताकद साठलेली असते. हाफ शाफ्ट, आर्म, पुढचं डिफ, ब्रेक लाइन तोंड बंद करून बाजूला बांधून ठेवायची. ब्रॅकेट कापताना चेसीच्या पत्र्यात घुसायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर ठेवून काप आणि बाकीचं फ्लॅप डिस्कने घास. पण हे सगळं काढायच्या आधी, गाडी आपल्या टायरवर सपाट उभी असताना, एक काम कर जे सगळे विसरतात. गवंड्याकडचा ओळंबा घे, पुढच्या हबच्या मधोमध लटकव आणि खाली कोब्यावर जिथे टोक येतं तिथे पंच मार. चारही चाकांना. मग चेसीवरची दोन-तीन ठाम भोकं निवडून त्यांचेही ओळंबे जमिनीवर उतरव. थारचा व्हीलबेस २४३० आहे, तो तुझ्या पंचांमध्ये यायला पाहिजे, आणि कर्ण दोन्ही सारखे. आता गाडी घोड्यांवर गेली, अर्धी झाली, सगळं विसरलास तरी मूळ एक्सल कुठे होता ते जमिनीवर लिहिलेलं आहे. नवा एक्सल वीस-पंचवीस मिलिमीटर पुढे घेतलास तर मोठा टायर मागे फूटवेलला घासत नाही, पण दोन्ही बाजूंचा फरक तीन मिलिमीटरच्या आत ठेव, नाहीतर गाडी आयुष्यभर तिरकी चालेल, खेकड्यासारखी.

पाटे. पुढे फिक्स आय (पाट्याचं न हलणारं टोक) आणि मागे शॅकल (पाट्याचं झुलणारं टोक) ठेवलंस तर खड्ड्यात एक्सल वर जाताना थोडा मागे सरकतो, धक्का कमी लागतो, पण त्याबरोबर जॉइंट जास्त आखडतो, म्हणून स्प्लाइन (जॉइंटचा आत-बाहेर सरकणारा भाग) लांब लागते. जुन्या जीपांसारखं शॅकल पुढे ठेवलंस तर उलटं. मी शॅकल मागे ठेवतो. आणि आता ही युक्ती नीट वाच. ट्रायलसाठी पूर्ण पाट्यांचा गठ्ठा बांधूच नकोस, फक्त मेन पाटा लाव, बाकीचे बाजूला. एकच पाटा असला की ट्रॉली जॅकने एक्सल सहज वर-खाली होतो, एक बाजू वर, दुसरी खाली, जसं दगडावर होणार तसं. हँगर, शॅकलची ब्रॅकेट, पर्च (एक्सलवरची पाट्याची बैठक), सगळं फक्त टाक्यांवर. टाका म्हणजे टाकाच, बोटाच्या नखाएवढा, चार ठिकाणी.

मग कणीक. हो, पोळ्यांची कणीक. घट्ट मळलेला गोळा आईकडून घे, डिफच्या गोळ्यावर, टाय रॉडवर, जिथे जिथे ऑइल सम्प किंवा क्रॉसमेंबर जवळ येईल तिथे चिकटव, आणि जॅकने एक्सल वर ने, बंप स्टॉपपर्यंत (एक्सलला वर अडवणारा रबर). खाली घेऊन कणकेची जाडी मोज. सम्पखाली एक इंच तरी उरली पाहिजे, कारण इंजिन पण माउंटिंगवर हलतं. पुढचा डिफ आता एक्सलबरोबर वर-खाली होणार, आधी तो चेसीला बांधलेला होता, म्हणून तर चार-पाच इंच लिफ्ट लागतो, हौस म्हणून कोणी करत नाही. कणीक पातळ झाली तर लिफ्ट वाढवायच्या आधी बंप स्टॉप लांब करून बघ. गाडी जितकी खाली राहील तितकी बरी.

आता कॅस्टर. किंगपिनची (चाक ज्या पिनभोवती वळतं ती) रेघ वरून मागे किती झुकलीय तो कोन, त्यानेच स्टिअरिंग सोडल्यावर सरळ येतं. पाच-सहा डिग्री पाहिजे. आणि गोची अशी की पिनियन आणि नकल (चाकाबरोबर वळणारा भाग) एकाच हाउसिंगला आहेत. लिफ्ट केला की जॉइंट तिरका होतो, मग वाटतं पिनियन थोडा वर उचलू, दिसायला छान सरळ रेघ येते, पण पिनियन पाच डिग्री वर गेला की कॅस्टर पाच डिग्री मेला. माझ्या स्वतःच्या गाडीला मी हेच केलं. जॉइंट बघून इतका खूश झालो की रात्री अकरा वाजता पर्चला फायनल वेल्ड मारला, चहा प्यायलो, झोपलो. गाळ्यासमोर पंचवीसने काही कळलं नाही. शेतावरच्या सरळ पट्टीत चाळीसला गेली तर स्टिअरिंग डावीकडे वळवलं की डावीकडेच राहिलं, हाताने परत आणायला लागत होतं, आणि एका उंचवट्यावर पुढची चाकं अशी थडथडायला लागली की डॅशबोर्ड दिसेना. अँगल फाइंडर लावला, कॅस्टर एक डिग्री. दोन्ही पर्च कापून काढायला दीड दिवस गेला आणि हाउसिंगची नळी वाचली हे नशीब.

म्हणून पुढच्या एक्सलला कॅस्टर आधी, पिनियन नंतर. मागच्या एक्सलला हे उलटं असतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो. पुढे लॉकिंग हब मोकळे असले की जॉइंट फिरतच नाही, फिरला तर फोर बाय फोरमध्ये हळू स्पीडला, तिथे थोडी थरथर चालते. कोन फारच वाईट येत असेल तर ट्रान्सफर केसच्या बाजूला डबल क्रॉसवाला जॉइंट करून घे. नकल कापून फिरवणं हाही उपाय आहे, पण तो जिग असलेल्या माणसाचा, शेडमधला नाही. आणि मोजायचं कधी? गाडी पूर्ण पाट्यांवर, चारी टायर जमिनीवर, इंजिन आत, बंपर, विंच, बॅटरी, डिझेल अर्धी टाकी, सगळं वजन जागेवर. घोड्यांवर लटकलेल्या एक्सलचा कोन म्हणजे काहीच नाही. पर्च टाक्यांवर आणि यू-बोल्ट बेताने आवळलेले असताना गाडी हाताने ढकलून दोन-चार वेळा बाउन्स कर, पाटे बसू देत, मग किंगपिनच्या कॅपवर फाइंडर ठेव. चुकलं तर टाका तोडायला पाच मिनिटं लागतात.

सगळ्यात जास्त वेळ स्टिअरिंगला ठेव, मी अर्धा वेळ म्हणेन. आयएफएसबरोबरचा रॅक सॉलिडला चालत नाही, कारण रॅकची दोन टोकं दोन वेगळ्या वर-खाली होणाऱ्या चाकांसाठी बनवलेली असतात. तुला स्टिअरिंग बॉक्स लागणार, पॉवरवाला, उजव्या चेसीवर. बॉक्स नुसता बोल्टने चेसीला आवळलास तर पोकळ चेसी चेपते आणि महिन्याभरात बोल्टाभोवती चिरा जातात. चेसीतून आरपार जाड नळ्या घाल, दोन्ही बाजूंनी वेल्ड कर, बाहेरून सहा एमएमची प्लेट, आणि बोल्ट १०.९ ग्रेडचे, नागदेवीला जाऊन डोक्यावरचा आकडा वाचून घे, "तसाच आहे साहेब" वाला नको. पंप बॉक्सला मॅच होणारा पाहिजे, रॅकच्या पंपाने बॉक्स चालतो कधीकधी, पण एकतर जड किंवा फारच हलका होतो.

ड्रॅग लिंक बॉक्सच्या आर्मपासून पलीकडच्या, म्हणजे डाव्या नकलपर्यंत आडवी ने. गाडी वजनावर उभी असताना ही लिंक जितकी आडवी तितकं बरं. तिरकी असली तर एक्सल वर गेला की लिंक नकलला ढकलते, तू हात न हलवता चाक वळतं, यालाच बंप स्टीअर म्हणतात, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हे जीवघेणं आहे. तपासायला मशीन नको. मुलांचा खेळण्यातला लेझर घे, हबला टेपने चिकटव, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पाड, स्टिअरिंग दोरीने सीटला बांध, आणि जॅकने एक्सल पन्नास मिलिमीटर वर, पन्नास खाली. ठिपका सरळ वर-खाली गेला पाहिजे. डावी-उजवीकडे पळत असेल तर आर्मची उंची बदल, नकलवर वरून बसणारा आर्म घे. मी एका गाडीला यासाठी तीन वेळा आर्म बदललाय, तिसऱ्यांदा लेथवाला म्हणाला, शेठ आता फुकट करतो पण परत येऊ नका. टो, म्हणजे दोन्ही चाकांची पुढची तोंडं, दोन-तीन मिलिमीटर आत. फुल लॉकला टायर पाट्याला लागतो का ते एक बाजू वर करून बघ, लागत असेल तर नकलचा स्टॉप बोल्ट बाहेर घे. टाय रॉड एंड जुने लावू नकोस, ही कंजूषी करायची जागा नाही.

हे सगळं झालं, दोन वेळा मोजलं, मित्राकडून एकदा उलट मोजून घेतलं, की मग फायनल वेल्ड. इथे माझं मत कदाचित आवडणार नाही तुला, टाके तू मार आणि फायनल कोणा टँक-बॉयलरच्या कामातल्या वेल्डरला रविवारी शेडवर बोलावून करून घे. तरी स्वतःच करणार असशील तर ग्रिलवाल्याकडचा ६०१३ रॉड चेसीला नको, ७०१८ घे, ३.१५ चा, साधारण ११० ते १३० अँपिअरवर. ७०१८ ला ओलावा चालत नाही आणि आपल्याकडची हवा म्हणजे ओलं फडकंच, त्यामुळे सीलबंद पाकीट आण, फोडलं की त्याच दिवशी संपव, पावसाळ्यात हे काम काढूच नकोस. उरलेले रॉड घरच्या ओटीजीत भाजायचा प्रयोग पण नको, एका ओळखीच्या माणसाने केला, त्यांच्याकडे महिनाभर नानकटाईला रॉडचा वास येत होता. आधी सहा एमएमचे दोन तुकडे टी-सारखे जोड, व्हाइसमध्ये धर, मोठ्या हातोड्याने वाकव. वेल्ड तुकड्यापासून सुटला तर अजून सराव कर, प्लेट वाकली आणि वेल्ड राहिला तर चेसीला हात लाव. चेसीवर उभी सरळ रेघ मारून वेल्ड करायचा नाही, प्लेटचं टोक माशाच्या शेपटीसारखं तिरकं काप, म्हणजे ताण एका रेघेत येत नाही. प्लेट दारूखान्याला चांगली मिळते, तिथेच मापाने कापून घे. बॅटरीच्या दोन्ही वायर काढ, ईसीयूचा प्लग काढ, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लाव. सीआरडीईचा ईसीयू एका वेल्डमध्ये गेला की एक्सलचे पैसे परत एकदा जातात.

ब्रेक. तुझ्या गाडीला एबीएस नाही, एक डोकेदुखी कमी. जुन्या फ्रंटला ड्रम असेल तर डिस्कमध्ये बदल, आणि मास्टर सिलिंडर त्या कॅलिपरला पुरतो का ते पेडलवर समजेल, पेडल अर्ध्याच्या खाली जात असेल तर हवा राहिलीय किंवा मास्टर लहान आहे. होज लांब घे, आणि लांबी तपासताना चाक पूर्ण खाली लटकलेलं आणि स्टिअरिंग फुल लॉकला, दोन्ही बाजूंना. सरळ चाकावर पुरलेली होज लॉकला ताणली जाते, हे मी दुसऱ्यांच्या गाड्यांवर इतक्या वेळा बघितलंय की आता पहिलं तिथेच हात घालतो. जॉइंटची लांबी गाडी वजनावर असताना माप, स्प्लाइन मधोमध येईल अशी, मग फुल ड्रूपला ती बाहेर निघत नाही आणि फुल बंपला आत आदळत नाही हे जॅकने बघ, आणि बॅलन्सिंग करून आण.

दिवस विचारले होतेस, शनिवार-रविवार धरून चार महिने. पैसे, एक्सलला जेवढे जातील त्याच्या तिप्पट बाकीच्याला ठेव.

पहिल्या दिवशी दहाच्या वर जाऊ नको, शेताला दोन फेऱ्या मार, थांब, प्रत्येक हबला हात लावून बघ कुठला गरम आहे. यू-बोल्ट नवेच वापर, आणि पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर परत आवळ, मग शंभरला परत. ते ढिले झालेले असतातच, पाटे बसतात. नटाच्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटची रेघ मारून ठेव, नट फिरला की वाकून बघितल्या बघितल्या कळतं. कॅस्टर मोजल्यावर फायनलच्या आधी फाइंडरचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा, आणि त्या फोटोत टायर जमिनीवर दिसू दे.